पाने मोजण्याआधी

पत्राचा सारांश : रावेर तालुक्यातील एका गावात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या ४४ वर्षांच्या वाचकाचे हे पत्र आहे. त्यांचे शिक्षण बारावीपर्यंत झाले असून शाळा सुटल्यापासून त्यांनी एकही पुस्तक पूर्ण वाचलेले नाही. मुलगी सहावीत आहे. ‘घरातली मोठी माणसे वाचत असतील तर मुले वाचतात,’ असे तिच्या बाईंनी पालकसभेत सांगितले आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिले. जळगावच्या एका ग्रंथप्रदर्शनातून त्यांनी आठ पुस्तके आणली. त्यांतली साडेसातशे पानांची एक ऐतिहासिक कादंबरी त्यांनी चार वेळा सुरू केली आणि चारही वेळा चाळिसाव्या पानाच्या आसपास सोडून दिली. रात्री दुकान बंद करून, जेवून पुस्तक उघडले की दोन पानांत अक्षरे एकमेकांत मिसळू लागतात, कपाळ दुखते आणि डोळे मिटतात. घड्याळ लावून पाहिले तर एका पानाला तीन मिनिटे लागतात. मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ‘वर्षाला ५२ पुस्तके’ आणि ‘२१ दिवसांत सवय’ असे संकल्प चालू असतात, तेथे ते गप्प राहतात. घरी लेवा गणबोली बोलली जात असल्यामुळे पुस्तकी मराठी त्यांना जड वाटते आणि वाचताना ओठ हलतात याचा संकोच वाटतो. या वयात वाचनाची सवय लागते का, रोज किती पाने वाचावीत आणि कोणती पुस्तके घ्यावीत, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. ताजा कलम म्हणून त्यांनी लिहिले आहे की, मध्यंतरी रद्दीत आलेल्या एका जुन्या पुरवणीत निवृत्त रेल्वे इंजिनचालकाच्या आठवणी छापलेल्या होत्या, त्या त्यांनी काउंटरशी उभ्या उभ्या वाचून काढल्या आणि उरलेला मजकूर असलेले पान मिळावे म्हणून सगळा गठ्ठा उपसला.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पानांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे आणि त्याचे आकड्यातले उत्तर मी पुढे देणार आहे. पण तो आकडा उपयोगी पडावा, यासाठी तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या दोन-तीन गोष्टी आधी तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

‘मी वाचणारा माणूस नाही,’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आले आहे. ते मला पटत नाही. शेतकरी कीटकनाशकाची बाटली हातात घेऊन ‘पंपाला किती टाकू?’ असे विचारतो, तेव्हा बाटलीसोबतच्या घडीपत्रकातील मुंगीएवढ्या अक्षरांतून पिकाचे नाव, किडीचे नाव, हेक्टरी मात्रा आणि फवारणी व काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यायचे ही ओळ तुम्ही शोधून काढता, तिचा १५ लिटरच्या पंपाशी हिशेब बसवता आणि मग त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगता. लेबलावरचा त्रिकोण लाल आहे, पिवळा आहे, निळा आहे की हिरवा, यावरून विषारीपणाची पायरी ओळखता. वाक्याचा अर्थ लावणे, त्यातले कामाचे तेवढे उचलणे आणि ते दुसऱ्याला सांगणे हे वाचनातील सर्वांत कठीण भाग तुमच्या रोजच्या सरावाचे आहेत. तुम्हाला सवय नाही ती सलग, निवांत आणि कशासाठीही नसलेल्या वाचनाची. ही उणीव बरीच लहान आहे आणि तिच्यावर उपाय करता येतो.

दुसरी गोष्ट मी तुमच्या वाचनाशी जोडण्याऐवजी तुमच्या डोळ्यांशी जोडतो. दोन पानांत अक्षरे मिसळतात, कपाळ दुखते, रात्रीच्या दिव्यात त्रास वाढतो. शिवाय तुम्ही ओझरते लिहिले आहे की, अलीकडे बारीक अक्षरांचे घडीपत्रक तुम्ही दुकानातील मुलाकडून वाचून घेता. तुमचे वय ४४ आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होऊ लागते आणि जवळचे स्पष्ट दिसणे अवघड होते. त्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो ते यामुळेच. कादंबरी चाळिसाव्या पानावर सुटण्याला तुमचा आळस जबाबदार आहे, असे तुम्ही धरून चालला आहात, पण त्यातला काही भाग तरी चष्म्याअभावी घडत असावा, अशी मला दाट शंका आहे. म्हणून पुस्तकाच्या दुकानात जाण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जा. बाजारात टोपलीत मिळणारा तयार चष्मा नाकावर चढवून समाधान मानू नका, कारण दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असू शकतो आणि तपासणीत मधुमेहासारख्या इतर कारणांचाही उलगडा होतो. वाचताना दिवा पुस्तकाच्या बाजूने आणि डोक्याच्या थोडा वरून येईल असा ठेवा. भिंतीवरच्या एकाच ट्यूबलाइटकडे पाठ करून बसले की स्वतःची सावली पानावर पडते, हे आपल्या फारसे लक्षात येत नाही.

आता त्या साडेसातशे पानांच्या कादंबरीविषयी. चार वेळा चाळीस पाने म्हणजे १६० पाने तुम्ही वाचली आहेत. एखादे छोटे पुस्तक एवढ्यात संपले असते. तुम्ही प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली, त्यामुळे वाचलेले हिशेबात धरले गेले नाही, इतकेच. शिवाय मोठ्या ऐतिहासिक कादंबरीची रचनाच अशी असते की, पहिल्या चाळीस-पन्नास पानांत सरदार, त्यांची घराणी, किल्ले, नातीगोती आणि हुद्दे यांची मोठी फौज वाचकासमोर उभी राहते, आणि ती लक्षात ठेवायची तर रोज थोडे तरी वाचावे लागते. तुम्ही दोन दिवस वाचता, पाच दिवस खंड पडतो, सहाव्या दिवशी कोण कोणाचा मेहुणा हे आठवत नाही आणि मग सगळेच कंटाळवाणे होते. खंड पडणाऱ्या वाचकाला जाड कादंबरी फार कठोर वागणूक देते. ज्याचे वाचन अजून अधूनमधून होते, त्याने एका बैठकीत संपणारा मजकूर निवडावा : कथा, लेख, छोटे प्रवासवर्णन, व्यक्तिचित्रे. ती कादंबरी कपाटात असू द्या. ती वाचण्यासाठी वाट पाहण्यात कमीपणा नाही, आणि कधीच वाचली नाही तरी काही बिघडत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले एक ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ असे आहे आणि त्याच्या पुढचे ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असे आहे. तुमचा ग्रंथ दुसरा असेल आणि त्या कादंबरीचा वाचक तुमच्या ओळखीतला दुसरा कोणी असेल. त्याला ती देऊन टाका.

मग तुमचा ग्रंथ कोणता? माझ्या मते याचे उत्तर तुम्ही ताजा कलमात स्वतःच लिहून ठेवले आहे, फक्त त्याला तुम्ही उत्तर समजला नाहीत. पूर्ण पत्रात वाचनाचा आनंद म्हणावा असा एकच प्रसंग आहे आणि तो रद्दीतल्या पुरवणीचा आहे. ते तुम्हाला कोणी वाचायला सांगितले नव्हते, त्याची पाने कोणी मोजत नव्हते, तरी गिऱ्हाईक नसताना तुम्ही उभ्याने वाचत राहिलात आणि उरलेल्या मजकुरासाठी गठ्ठा उपसलात. रेल्वे इंजिनावर आयुष्य काढलेल्या माणसाने आपल्या कामाविषयी सांगितलेले तुम्हाला धरून ठेवते, याचा अर्थ तुम्हाला माणसे, त्यांचे काम आणि त्यातले खरे बारकावे यांची ओढ आहे. भुसावळच्या इतक्या जवळ राहणाऱ्याला इंजिनचालकाची गोष्ट आवडावी यात नवल नाही. मराठीत आत्मकथने आणि अनुभवकथन यांची परंपरा फार समृद्ध आहे. शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, कामगार, सैनिक, पोलीस, तमाशातले कलावंत, भटक्या जमातींतले लेखक अशा अनेकांनी आपले जगणे लिहिले आहे. ग्रंथपालाकडे जाऊन ‘चांगले पुस्तक द्या’ असे म्हणू नका, कारण त्यावर तो आपल्याला चांगले वाटणारे किंवा सगळे नेतात ते पुस्तक काढून देईल. ‘कामधंद्याविषयी माणसाने स्वतः लिहिलेले, दोनशे पानांच्या आतले, मोठ्या टाइपातले काही आहे का?’ असे विचारा. प्रश्न नेमका असला की ग्रंथपालालाही हुरूप येतो.

पुस्तक हातात आल्यावर त्याला वीस पानांची संधी द्या. तेवढ्यात मन रमले नाही तर ते परत करा आणि दुसरे घ्या. विकत आणलेले पुस्तक अर्धे सोडायला जीव होत नाही, कारण पैसे मोजलेले असतात; म्हणून सुरुवातीच्या काळात विकत घेण्यापेक्षा वाचनालयाचे सभासद होणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली अ, ब, क आणि ड वर्गांची वाचनालये तालुक्याच्या ठिकाणी आणि अनेक गावांत आहेत. जळगावचे व. वा. वाचनालय तर एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे, पण दर आठवड्याला जळगाव गाठणे तुम्हाला जमणार नाही, तेव्हा जवळचेच पाहा. अनामत रक्कम भरून थोड्या वर्गणीत पुस्तक घरी नेता येते. लहान वाचनालये दिवसातले काही तासच उघडी असतात आणि ती वेळ तुमच्या दुकानाच्या गर्दीशी जुळेलच असे नाही, म्हणून आधी वेळ विचारून घ्या. परतीच्या तारखेचा शिक्का हा नवशिक्या वाचकाचा चांगला मित्र आहे. तो तगादा लावतो, पण अपमान करत नाही.

दिवाळी अंकांचाही विचार करा. १९०९ पासून चालत आलेली ही मराठीतली खास परंपरा आहे आणि एका अंकात कथा, लेख, मुलाखत, कविता, व्यंगचित्रे असे सगळे मिळते. दिवाळी उलटून चार-सहा महिने झाले की जुने अंक वाचनालयात कोणी फारसे मागत नाही, त्यामुळे दोन-तीन एकदम मिळण्यासही अडचण येत नाही. अनुक्रमणिकेवरून बोट फिरवून जे नाव ओढील ते वाचा, बाकीचे सोडून द्या. चार अंक असे चाळले की आपल्याला काय रुचते हे कोणाला विचारावे लागत नाही.

आता आकड्यांकडे वळू. ‘वर्षाला ५२ पुस्तके’ या संकल्पाचा हिशेब करून पाहा. दोनशे पानांचे पुस्तक धरले तर वर्षाची १०,४०० पाने होतात, म्हणजे रोजची साधारण २८ ते २९. तुम्हाला एका पानाला तीन मिनिटे लागतात, तेव्हा रोज जवळपास दीड तास, तोही रविवार, सणवार, लग्नसराई आणि पेरणी न वगळता. बारा तास दुकान चालवणाऱ्या माणसाला हे जमत नसेल तर दोष त्या संकल्पाचा आहे. मी तुम्हाला रोज सहा पाने सुचवतो. अठरा-वीस मिनिटांचे काम आहे. वर्षातले तीन महिने हंगामाच्या धावपळीत वाया जातील असे धरले तरी उरलेल्या २७० दिवसांत १,६२० पाने होतात, म्हणजे दोनशे पानांची आठ पुस्तके. गेल्या सव्वीस वर्षांत तुमचे एकही पूर्ण झालेले नाही, हे लक्षात घेता आठ हा आकडा लहान नाही. गटात मात्र तो जाहीर करू नका. जाहीर केलेला संकल्प बहुतेक वेळा जाहीर करण्यातच खर्च होतो, हे माझे मत आहे.

‘२१ दिवसांत सवय’ हेही तुम्ही मनावर घेऊ नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा पाठपुरावा केला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एखादी कृती न ठरवता, आपसूक होऊ लागण्यास लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्या लोकांनी खाणे, पिणे आणि व्यायाम यांतल्या सवयी निवडल्या होत्या, वाचनाच्या नाहीत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू करण्याचा माझा आग्रह नाही. त्यातला एक निष्कर्ष मात्र तुमच्या कामाचा आहे : एखादा दिवस चुकल्यामुळे सवय लागण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. बाविसाव्या दिवशी पुस्तक उघडले गेले नाही म्हणून सगळे मुसळ केरात गेले, असे समजण्याचे कारण नाही.

वेळेबद्दल तुमची निवड मला चुकीची वाटते. रात्री साडेनऊनंतर, दिवसभर उभे राहून आणि बोलून थकल्यावर, जेवण झाल्यावर, अंथरुणावर पडून वाचायचे ठरवले तर पुस्तक झोपेचे औषध होणारच. तुमच्याच पत्रात लिहिले आहे की, उन्हाळ्यात दुपारी एक ते चार या वेळेत दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. आपल्याकडचे एप्रिल-मेमधले ऊन पाहता शेतकरी तरी त्या वेळी घराबाहेर कशाला पडेल? हे तीन तास सध्या फोनवर जातात, असे तुम्हीच कबूल केले आहे. त्यातली पहिली वीस मिनिटे पुस्तकाला द्या. फोन बंद करण्याचा उपदेश मी करणार नाही, कारण शेतकऱ्याचा आणि कंपनीच्या माणसाचा फोन तुम्हाला घ्यावाच लागतो. तो आवाज चालू ठेवून गल्ल्यात ठेवा आणि पुस्तक बिलबुकाजवळ, हाताला लागेल असे उघड्यावर ठेवा. जेवणाचा डबा धुऊन ठेवला की लगेच पुस्तक, असा एका ठरलेल्या कामाला वाचनाचा दोर बांधला, म्हणजे ‘आता वाचावे का’ हा विचार रोज नव्याने करावा लागत नाही.

मेअखेरीस बागायती कपाशीचे बियाणे घ्यायला गर्दी होईल, मग मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीची, खते, मग पेरणी. त्या काळात वाचन थांबेल आणि ते थांबूच द्या. शेतीशी बांधलेल्या माणसाचे वाचनही हंगामी असू शकते, त्यात अनैसर्गिक काही नाही. फक्त थांबताना पुस्तक प्रकरणाच्या शेवटी मिटा आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने दोन ओळी लिहून ठेवा : कोण काय करतो आहे, पुढे काय होण्याची उत्सुकता आहे. वाचनालयाचे पुस्तक असेल तर याच ओळी वहीत लिहा. श्रावणाच्या आसपास सवड मिळाली की त्या ओळी वाचून, दोन पाने मागे जाऊन पुढे सुरू करा. पहिल्या पानापासून नको. तुमच्या वाचनाचा घात आजवर सर्वांत जास्त त्या पहिल्या पानानेच केला आहे.

श्रावणाचा उल्लेख आला, तेव्हा तुमच्या आईंविषयी लिहितो. त्यांना वाचता येत नाही, पण पूर्वी चातुर्मासात गल्लीतल्या मंदिरात पोथी लागायची तेव्हा त्या एकही दिवस चुकवत नसत, असे तुम्ही सारांशात न आलेल्या भागात सविस्तर लिहिले आहे. त्या व्यवस्थेकडे जरा नीट पाहा. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, रोजचा अध्याय ठरलेला; एक जण ओवी वाचणार, दुसरा अर्थ सांगणार आणि बाकीचे ऐकणार. अध्याय अवघड असला तरी कोणी उठून जात नसे आणि समजला नाही म्हणून कोणी स्वतःला कमी लेखत नसे. ज्या गावांत अक्षरओळख असलेली माणसे हातावर मोजण्याइतकी होती, त्या गावांत नियमित वाचनाची सवय अशी टिकून होती. पोथी वाचणाऱ्याचे ओठ हलतात म्हणून त्याला कोणी हसल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

तेव्हा ओठ हलण्याचा संकोच सोडून द्या, किंबहुना आवाज थोडा वाढवा. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी जेवणाआधी आईंना दोन पाने वाचून दाखवा. मोठ्याने वाचताना लांब वाक्याचा श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळते आणि प्रमाण मराठीतली बोजड वाटणारी रचना कानाला सरावाची होत जाते. अडलेला शब्द दर वेळी शोधू नका. पुढच्या दोन वाक्यांत त्याचा अंदाज आला तर पुढे जा, नाही आला आणि अर्थ अडला तरच विचारा. दुकानातही नवीन औषधाचे नाव तुम्ही असेच वापरता वापरता पाठ करता.

भाषेच्या परकेपणावर आणखी एक उपाय तुमच्या जिल्ह्यातच आहे. बहिणाबाई चौधरींचे नाव आपल्याकडे प्रत्येक समारंभात घेतले जाते, त्यामुळे ते वाचायचे असते हे विसरायला होते. असोद्यात जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या आणि कविता त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरच्या माणसांनी टिपून ठेवल्या आणि त्या १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या निधनानंतरच्या वर्षी, पुस्तकरूपाने आल्या. त्यांची भाषा तुमच्या घरातल्या बोलीच्या फार जवळची आहे. गंमत अशी की, बोलीतली ओळ छापील अक्षरांत पाहण्याची आपल्याला सवय नसल्यामुळे ती डोळ्यांना अवघड वाटते आणि तोंडातून बाहेर पडताच सोपी होते. तुम्ही वाचा आणि अर्थ आईंना सांगू द्या. शेतातल्या, घरातल्या जुन्या वस्तूंची नावे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतील.

मुलीच्या बाईंचे म्हणणे खोटे नाही, पण त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ मला धोक्याचा वाटतो. मुलीने पाहावे म्हणून पुस्तक हातात धरून बसलात, तर सहावीतल्या मुलीला ते दोन दिवसांत कळेल. मुलांना सोंग ओळखता येते. तिच्या वाचनाचा भार तुमच्या वाचनावर टाकू नका. तिच्यासोबत वाचायचेच असेल तर बालभारतीचे ‘किशोर’ मासिक पाहा. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत, आणि त्यातले कितीतरी लेखन मोठ्या माणसालाही रमवील असे आहे. एक मजकूर तिने आजीला वाचून दाखवावा, एक तुम्ही. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलीस?’ असे विचारू नका. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत असत. मुलांना वाचनाकडे वळवण्यासाठी त्यांनी जाड ग्रंथ पुढे केले नाहीत. त्याच मुलांसाठी, त्यांना कळेल अशा भाषेत लिहिलेला थोडा मजकूर रोज दिला. तुमच्या घरी रोजची दोन पाने तेच काम करतील असे मला वाटते.

याच विषयावर इतरही काही वाचकांची पत्रे आली आहेत, त्यांच्यासाठी थोडे. एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्यांना हलत्या गाडीत वाचून मळमळते, त्यांनी श्राव्य पुस्तके ऐकावीत. ते वाचन नव्हे, असा वाद घालणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. पोथी ऐकणाऱ्यांना आपण कधी अडाणी श्रोते म्हटले नाही. स्पर्धा परीक्षेसाठी दिवसभर अभ्यास करणाऱ्या तरुणांनी मात्र अवांतर वाचनाची वही-नोंद ठेवू नये, नाहीतर त्याचाही अभ्यास होतो.

ज्या गृहिणींनी लिहिले आहे की, दुपारी पुस्तक घेऊन बसले की ‘काही काम नाही का?’ असा टोमणा ऐकावा लागतो, त्यांची अडचण तुमच्यापेक्षा कठीण आहे, कारण तेथे वेळ असूनही मुभा नसते. एकट्या बाईचे वाचन घराला चैन वाटते आणि चौघींचे वाचन कार्यक्रम वाटतो, हा ढोंगीपणा आहे, पण त्याचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही. महिन्याच्या भिशीला प्रत्येकीने एक पुस्तक आणावे, बदलून न्यावे आणि पुढच्या भिशीत दोन वाक्ये तरी त्याविषयी बोलावीत. वाचनालयात चौघींमध्ये एकीने सभासद व्हावे, पुस्तक चौघींत फिरवावे आणि परतीची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहून ठेवावी.